दाजींची गाडी, चार नवे टायर आणि हवेचा आकडा : रनफ्लॅट काढून साधे टायर टाकल्यावर काय काय झालं

दाजींचा फोन आला तेव्हा मी रबाळ्याला प्लँटमध्ये होतो, आणि हॅलो नाही की कसा आहेस नाही, पहिलंच वाक्य, "अरे ते टायर काढून टाकायचेत, कुणी गिऱ्हाईक मिळतंय का बघ." टायर टाकून जेमतेम अठरा दिवस झाले होते. ज्या टायरांसाठी महिनाभर माझं डोकं खाल्लं तेच हे चार नवेकोरे टायर. म्हटलं झालं काय, तर म्हणे गाडी डोलते, मागून होडीसारखी हलते, ताईला मळमळायला लागतं, स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी विचार करते मग वळते, आपले रनफ्लॅटच (हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर) बरे होते.

हे प्रकरण शेवटी हवेवर आलं, म्हणजे बरंचसं हवेवर आणि थोडंसं दुसऱ्या एका गोष्टीवर, ते पुढे सांगतो. सविस्तर लिहून ठेवतोय कारण घोडबंदरच्या खड्ड्यात रनफ्लॅट गमावून साध्या टायरवर आलेले माझ्या ओळखीतच चार-पाच जण आहेत आणि प्रत्येकाचा प्रश्न हाच की आता हवा किती मारायची, तीच की जास्त की कमी.

गाडी जर्मन सेडान, दाजींनी तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, साइज २२५/५० आर १७, कंपनीतूनच रनफ्लॅट. दाजी राहतात मानपाड्याला आणि ऑफिस सीबीडी बेलापूरला, म्हणजे रोज घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा पूल, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोडने सरळ खाली. रस्ता ज्यांना माहितीय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पावसाळ्यात कापूरबावडीजवळ सर्व्हिस रोडला पाण्याखालचा एक खड्डा लागला आणि पुढच्या डाव्या टायरला साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लिंबाएवढा फुगा आला. फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेले, तो टायर गेलाच, त्याला दुरुस्ती नाही. बाकीचे तीनही निम्म्याच्या वर झिजलेले, एका रनफ्लॅटच्या भावात साधा टायर येऊन वर पैसे उरत होते, शिवाय रनफ्लॅटला कडकपणा इतका की रस्त्यावरचा प्रत्येक दगड पाठीला कळायचा. मग ठरलं, चारही साधे टाकायचे. चारही हे महत्त्वाचं, दोन रनफ्लॅट आणि दोन साधे असं मिश्रण करू नये हे मीच सांगितलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, रनफ्लॅटची साइडवॉल आतून जाड रबर देऊन इतकी दणकट केलेली असते की हवा पूर्ण गेली तरी गाडीचं वजन ती बाजू एकटी पेलते, साधारण ८० च्या स्पीडने ८० किलोमीटरपर्यंत. म्हणून अशा गाड्यांना बहुतेक वेळा स्टेपनीच नसते. आपल्या गाडीला आहेत का हे टायरच्या बाजूवर वाचायचं, ब्रिजस्टोनवर आरएफटी असतं, मिशेलिनवर झेडपी, काँटिनेंटलवर एसएसआर, गुडइयरवर आरओएफ. रिम बदलायची गरज नसते, रनफ्लॅटच्या रिमवर साधा टायर व्यवस्थित बसतो.

आता मूळ मुद्दा. त्या अठरा दिवसांत दाजींनी काय काय केलं हे मी रविवारी त्यांच्याकडे चहा पिताना काढून घेतलं आणि ऐकून कपाळाला हात लावला. दुकानदाराने टायर बसवले आणि चारही ठिकाणी ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरले, वर नायट्रोजनचे पैसे घेतले. चार दिवसांनी गाडी डोलते वाटलं म्हणून सोसायटीतल्या एका मित्राला विचारलं, तो म्हणाला साधे टायर मऊ असतात, कम्फर्टसाठी ३० करा, केले, डोलणं वाढलं. मग नाक्यावरचा पंक्चरवाला म्हणाला साहेब मोठी गाडी आहे, ४० मारा, मारले, तर पेव्हर ब्लॉकवरून गाडी उडायला लागली आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लवकर यायला लागलं असं त्यांचं म्हणणं. मग परत येताना पेट्रोल पंपावर पुन्हा ३५. चार वेळा हवा, तीन आकडे, आणि मजा म्हणजे गाडीच्या दरवाजाच्या खांबावर कंपनीने चिकटवलेली पाटी कुणीच वाचली नव्हती, दाजींनी नाही, दुकानदाराने नाही, आणि खरं सांगायचं तर टायर निवडताना मीही नाही.

सकाळी सात वाजता बेसमेंटला गेलो. गाडी रात्रभर उभी, म्हणजे टायर पूर्ण थंड, आणि पाटीवरचा आकडा नेहमी थंड टायरचाच असतो, निदान तीन तास उभी गाडी किंवा फार तर किलोमीटर-दोन किलोमीटर हळू चाललेली. दार उघडून ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावर पाटी वाचली. दोन रकाने होते. दोन-तीन माणसं आणि थोडं सामान असेल तर पुढे २.२ बार आणि मागे २.४ बार. गाडी पूर्ण भरलेली असेल तर पुढे २.४ आणि मागे २.९. एक बार म्हणजे १४.५ पीएसआय, तेव्हा पहिला रकाना झाला ३२ आणि ३५, दुसरा ३५ आणि ४२. दाजी म्हणाले, "मागे बेचाळीस? फुटेल की रे!" म्हटलं थांबा, आधी आहे किती ते बघू.

माझ्याकडचं गेज मी शनिवारी प्लँटमधून तपासून आणलं होतं. आमच्याकडे प्रेशर गेजला एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) होतं, त्या मास्टर गेजशी माझं सातशे रुपयांचं डिजिटल ताडून बघितलं तर अर्धा पीएसआय जास्त दाखवत होतं, तेवढं चालतं. दाजींकडे एक जुनं पेनासारखं गेज होतं, ते सरळ दोन कमी. रीडिंग आलं पुढे ३० आणि ३०.५, मागे २९ आणि २९.५.

म्हणजे मागे हवे होते ३५ आणि होते २९. दाजींचा विश्वास बसेना, "मी परवाच ३५ मारून आणलेत." आणले होतेच, पण कधी, तर बेलापूरहून परत येताना, तापलेल्या टायरमध्ये. टायर चालून गरम झाला की आतली हवा तापते आणि प्रेशर चढतं, ढोबळ हिशोब असा की दर पाच-सहा डिग्रीला एक पीएसआय. गरम टायर ३५ दाखवतो तो सकाळी ३१-३२ होतो. उरलेल्या दोनचा हिशोब लावायला आम्ही त्याच पंपावर गेलो, तिथल्या मशीनवर ३५ लावले, टिंग वाजलं, लगेच माझं गेज लावलं, ३३. मशीन दोन जास्त दाखवत होतं. गरम टायर आणि खोटं बोलणारं मशीन, दोघांनी मिळून सहा पीएसआय खाल्ले. टायरच्या दुकानातल्या ३५ चं काय झालं असेल ते आता तपासता येत नाही पण दुपारी ३४ डिग्रीला भरलेली हवा सकाळी २५ डिग्रीला दीड पीएसआयने कमी दिसणारच, नायट्रोजन असो नाहीतर साधी हवा असो. (हवेत तसाही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तापल्यावर दोघांचं प्रेशर सारखंच चढतं, तेव्हा त्यासाठी वेगळे पैसे द्यायचे का हे ज्याचं त्याने ठरवावं.)

दाजी मात्र एका जागी अडून बसले आणि त्यांचा प्रश्न बरोबर होता. म्हणाले, "अरे मी रनफ्लॅटमध्ये तीन वर्षं ३० च मारत होतो, सगळीकडे ३०. कधी डोलली नाही गाडी. मग आताच का?"

इथे मला केस उलगडली. बेसमेंटमध्ये त्यांनी जुन्यापैकी मागचे दोन रनफ्लॅट ठेवलेले होते, विकायचे म्हणून. ते बाहेर काढले, ट्रेड डेप्थ गेज (खाचेची खोली मोजायचं) लावलं, मधल्या खाचेत ४.६ मिलिमीटर आणि दोन्ही कडांना ३.१. कडा जास्त झिजलेल्या आणि मधलं शिल्लक, हे कमी हवेचं पुस्तकी लक्षण आहे. म्हणजे गाडी तीन वर्षं मागे पाच पीएसआय कमी घेऊन पळत होती आणि कुणाला कळलं नाही, कारण रनफ्लॅटची कडक बाजू ती उणीव भरून काढत होती. वजन हवेने उचलायचं ते काम थोडं बाजूच्या रबराने केलं. साध्या टायरची बाजू पातळ, तिथे वजन जवळजवळ सगळं हवाच उचलते, हवा कमी पडली की बाजू लवते आणि वळणावर, लेन बदलताना, पुलाच्या जॉइंटवर मागची बाजू एक हेलकावा खाऊन मग सरळ होते. दाजी म्हणत होते ती होडी हीच.

आणि माझा एक संशय आहे जो सिद्ध करता येणार नाही, की कापूरबावडीला फुगा आला त्यातही या ३० चा हात असणार. हवा कमी असली की खड्ड्याच्या धारेवर टायर चेपून रिम आणि धार यांच्यामध्ये साइडवॉल चिमटीत सापडते. सगळा दोष रनफ्लॅटच्या कडकपणाला देऊन आपण मोकळे झालो होतो.

मग साध्या टायरला पाटीपेक्षा वेगळी हवा लागते का? लोकांचे दोन गट आहेत. एक म्हणतो रनफ्लॅटचा आकडा कडक टायरसाठी होता, आता कमी करा. दुसरा म्हणतो बाजू मऊ झाली, ती भरून काढायला चार-पाच जास्त मारा. दोघंही गृहीत धरतात की पाटीवरचा आकडा टायरच्या जातीवरून काढलेला आहे. तो काढलेला असतो गाडीच्या वजनावरून, टायरच्या साइजवरून आणि तो टायर किती प्रेशरला किती किलो उचलतो यावरून. साइज तीच, गाडी तीच, माणसं तीच, म्हणजे सुरुवात पाटीपासूनच करायची. त्याखाली जायचं नाही, कम्फर्टसाठी तर नाहीच.

एक अपवाद तपासायचा असतो तो लोड इंडेक्सचा, म्हणजे एक टायर किती किलो पेलतो ते सांगणाऱ्या आकड्याचा. जुन्या टायरवर ९४ डब्ल्यू लिहिलं होतं, नव्यावर ९८ डब्ल्यू एक्सएल (जास्त वजन पेलणारा प्रकार). ९४ म्हणजे ६७० किलो, ९८ म्हणजे ७५० किलो, डब्ल्यू म्हणजे २७० पर्यंतचा वेग. दाजी खूश, म्हणाले नवा टायर जास्त ताकदीचा, मग हवा कमी चालेल ना. इथेच लोक फसतात. एक्सएल नसलेला टायर आपले पूर्ण किलो २.५ बारला उचलतो आणि एक्सएल आपले पूर्ण किलो २.९ बारला. म्हणजे एक्सएलची जास्तीची ताकद जास्तीची हवा भरल्यावरच मिळते, सारख्या हवेला दोघं जवळपास सारखंच वजन उचलतात. तेव्हा एक्सएल आहे म्हणून हवा कमी करायची मुभा नाही. उलट इंडेक्स जुन्यापेक्षा कमी असता तर तो टायर घ्यायचाच नव्हता. आणि हो, टायरच्या बाजूवर जो मॅक्स प्रेशर कोरलेला असतो तो भरायचा आकडा नसतो, ती टायरची हद्द असते, एका वॉचमनने दाजींना तोही वाचून दाखवला होता.

त्या रविवारी थंड टायरमध्ये पुढे ३२ आणि मागे ३५ करून दिले. पण त्याआधी अजून एक गोष्ट सापडली. गाडीत टायर प्रेशरचा दिवा आहे, मग मागे २९ असताना तो पेटला का नाही? कारण या गाडीत टायरच्या आत सेन्सर नाहीत. एबीएसचे जे चाकाचा वेग मोजणारे सेन्सर असतात त्यावरूनच ती अंदाज लावते, हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा फिरतं, तो फरक दिसला की दिवा. तिला पीएसआय कळतच नाही. तुम्ही रिसेट दाबलं की त्या क्षणी जी काही हवा आहे ती तिच्या दृष्टीने बरोबर. दाजींनी ३५ ला रिसेट दाबलं, ३० ला दाबलं, ४० ला दाबलं, आणि पंपावरून आल्यावर परत दाबलं, का तर दुकानातल्या मुलाने सांगितलेलं हवा मारली की बटण दाबायचं. बिचारी गाडी प्रत्येक चूक पाठ करत गेली. ज्यांच्या गाडीत चारही टायरचे आकडे स्क्रीनवर दिसतात त्यांच्यात सेन्सर व्हॉल्व्हला असतो, तिथे ही भानगड एवढी नसते, पण नुसता दिवा आणि रिसेट असेल तर आधी हवा थंड असताना बरोबर करायची आणि मगच बटण.

पुढचा आठवडा दाजींना काम लावलं. सकाळी निघताना आणि बेलापूरला पोचल्यावर रीडिंग, फोनवर मला पाठवायचं. त्यातलं जे उरलंय ते असं.

सोमवार. थंड ३२/३५. पोचल्यावर ३५/३८. मागचं डोलणं खूपच कमी, गाडी डावीकडे ओढते.
मंगळवार. तेच. विटाव्याच्या पुलाखाली पाणी, गाडी स्थिर.
गुरुवार. उलव्याहून अटल सेतूने शिवडीपर्यंत गेलो, वारा होता, नव्वदला ठीक. उतरल्यावर ३६/३९. डावीकडे ओढणं आहेच.

वाढ तीन-चार पीएसआयची, हे मला हवं तसं होतं. अंगठ्याचा नियम असा की हायवेला तासभर चालवून प्रेशर साधारण चार पीएसआय चढलं तर थंड आकडा बरोबर आहे, सहा-सात चढलं तर थंड हवा कमी आहे, कारण टायर जास्त लवतोय, जास्त तापतोय. दाजींनी ३० वर गाडी चालवली होती तेव्हाचा असा लॉग असता तर लगेच दिसलं असतं. हा नियम काही कायदा नाही, रस्ता, वेग, ऊन, वजन सगळ्यावर बदलतो, पण गाडी ज्या टायरवर आहे तो टायरच उत्तर देतो ही त्याची गंमत.

आता ते डावीकडे ओढणं. हवा दोन्हीकडे सारखी, मग ओढते का? दुकानाच्या बिलावर अलाइनमेंट लिहिलेलं होतं. दाजींना विचारलं रिपोर्टचा कागद दिला का, तर कागद नाही, आणि आठवून बघता गाडी अलाइनमेंटच्या रॅकवर चढलीच नव्हती, फक्त बॅलन्सिंग झालं होतं. दुसरीकडे नेऊन रिपोर्ट काढला तर पुढच्या डाव्या चाकाचा टो, म्हणजे वरून बघता चाक आत किंवा बाहेर वळलेलं असतं तो कोन, हद्दीबाहेर, तोच कोपरा जो खड्ड्यात गेला होता. ते सरळ केलं आणि ओढणं थांबलं. तेव्हा प्रामाणिकपणे सांगायचं तर स्टिअरिंगची जी तक्रार होती त्यात हवेचा वाटा किती आणि टोचा किती हे मी टक्क्यात सांगू शकत नाही, मागचं डोलणं मात्र निव्वळ हवेचं, कारण ते अलाइनमेंटच्या आधीच गेलं.

तरी दाजींचं शेवटचं एक टोक राहिलंच, स्टिअरिंग पूर्वीसारखं टोकदार नाही. नाहीच होणार. गाडीचं सस्पेन्शन कंपनीने रनफ्लॅटचा कडकपणा धरून बसवलंय, बाजू मऊ झाली की स्टिअरिंग फिरवल्यावर टायर आधी थोडा वळतो मग गाडी. शिवाय नव्या टायरवर साच्यातून काढताना लावलेलं वंगण असतं, पहिले दोन-तीनशे किलोमीटर पकड कमीच वाटते. त्यांना म्हटलं, "हे हवेने भरून निघणार नाही दाजी, हवा मारून टायर रनफ्लॅट होत नाही." त्यांनी ४० मारले तेव्हा नेमका हाच प्रयत्न चालला होता, आणि मिळालं काय तर रस्त्याला टेकणारा पट्टा मधोमध आला, ओल्यात पकड गेली, आणि पेव्हर ब्लॉकवर दात वाजले.

तरी रोजच्यासाठी आम्ही पाटीपेक्षा दोन वर ठेवले, ३४ आणि ३७. याचं कारण साइडवॉल नाही. कारण हे की टायर महिन्याला साधारण एक पीएसआय आपोआप गमावतो, दाजी दर आठवड्याला हवा बघणारे नाहीत हे मला माहितीय, थंडीत सकाळी अजून एक-दोन उतरणार, तेव्हा चुकलंच तर पाटीच्या वरच्या बाजूला चुकलेलं बरं. ३४/३७ वर घोडबंदरला बसून बघितलं, रनफ्लॅट ३० ला होते त्यापेक्षाही गाडी मऊच. ताई मागे बसून पोळीचा डबा मांडीवर घेऊन गेली आणि काही बोलली नाही, म्हणजे पास.

खरी परीक्षा दिवाळीत झाली. कराडला जायचं होतं, दाजी, ताई, दोन मुलं आणि दाजींची आई, डिक्कीत फराळाचे डबे, दोन मोठ्या बॅगा आणि कुणासाठी तरी एक मिक्सर. मी आदल्या रात्री फोन करून सांगितलं, सकाळी निघायच्या आधी दुसरा रकाना, पुढे ३५ मागे ४२. दाजी कुरकुरले, म्हणाले एक्सप्रेसवेला टायर फुटतात ते जास्त हवेने, सगळे सांगतात कमी करून जा. हा गैरसमज ठाण्यापासून कळंबोलीपर्यंत प्रत्येक पंपावर ऐकायला मिळतो. तर्क असा की काँक्रीट तापतं, हवा फुगते, म्हणून आधीच कमी ठेवा. होतं उलटं. हवा कमी, त्यावर पाच माणसं आणि सामान, वर शंभरचा वेग, बाजू दर फेऱ्याला लवते आणि त्या लवण्यानेच आतून तापते, इतकी की रबर आणि दोरे सुटायला लागतात. पाटीवरचा थंड आकडा ठरवताना ही चार-पाच पीएसआयची वाढ हिशोबात धरलेली असते.

खालापूरच्या फूड मॉलला त्यांनी गाडी थांबवली आणि स्वतःहूनच गेज लावलं, पुढे ३९ मागे ४६. लगेच मला फोन. शेजारी हवा मारणारा मुलगा उभा होता, फोनमध्ये मला ऐकू येतंय, "साहेब खूप जास्त आहे, कमी करून देऊ का?" मी म्हटलं अजिबात नाही, ३५ चे ३९ झाले, ४२ चे ४६, चारच चढलेत, हेच हवंय, आता काढलीत तर उद्या सकाळी कराडला मागे ३८ सापडतील आणि परतीच्या प्रवासात तीच माणसं आणि वर गुळाच्या ढेपा. गरम टायरमधून हवा काढायची नाही, हे एक वाक्य त्यांनी फोनच्या नोट्समध्ये लिहून घेतलं. खंबाटकीच्या घाटात आणि पुढे साताऱ्यापर्यंत गाडी एकदम बसून चालली असं त्यांचं म्हणणं. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना परत ३४/३७ केले, कारण रिकाम्या गाडीला मागे ४२ ठेवले तर मागचं टोक उडतं आणि मधला पट्टा झिजतो. दिवसाआड आकडे बदलत बसायला सांगत नाही मी, वर्षातून तीन-चार मोठे प्रवास असतात तेवढ्यापुरतं.

रनफ्लॅट गेल्यावर दुसरी एक सवय मोडावी लागते आणि ती हवेपेक्षा अवघड निघाली. स्टेपनी नाही. डिक्कीत जागा पण नाही, जागा वाचवणारी बारीक स्टेपनी ठेवायची तर ती चटईखाली जात नाही, उघड्यावर बांधून ठेवावी लागते, आणि तिच्यात हवा भरायची असते ६० पीएसआय, हेही लोक विसरतात. दाजींनी सध्या बारा व्होल्टचा इन्फ्लेटर, दोऱ्या घालायचं पंक्चर किट आणि पक्कड एवढं डिक्कीत ठेवलंय. पण सवय अशी की दिवा पेटला तर घरापर्यंत जाऊ, ८० किलोमीटर चालतं ना. आता नाही चालत. साधा टायर सपाट झाल्यावर एक-दोन किलोमीटर जरी ओढला तरी बाजू आतून चुरते, वरून काही दिसत नाही, आणि पंक्चर छोटं असलं तरी टायर टाकून द्यावा लागतो.

जानेवारीत एका संध्याकाळी परत फोन. ठाणे-बेलापूर रोडवरून येताना दिघ्याच्या पुढे दिवा पेटला होता. या वेळेला खरा, कारण रिसेट बरोबर हवेवर केलेलं होतं. दाजींनी गाडी बाजूला घेतली, मागच्या उजव्या टायरमध्ये १९ पीएसआय, सुस्कारत होता. इन्फ्लेटरने ३७ केले, हळूहळू कळवा नाक्याच्या पंक्चरवाल्यापर्यंत आले, मधोमध एक स्क्रू निघाला, साइडवॉल सुरक्षित, आतून पॅच मारला. मी म्हटलं झकास, मग काम झालंच की.

"झालं," दाजी म्हणाले, "पण हवा त्याने त्याच्या मीटरने मारली आणि टायर गरम आहे. रिसेट आत्ता दाबू का उद्या सकाळी?"